शिशाचा सांधा

१९६५ च्या फोर्ड मस्टँगचं छत मागच्या चाकावरच्या पत्र्याला जिथे येऊन मिळतं, तिथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा आहे. बघणाऱ्याला तो दिसत नाही, मागच्या तिरप्या खांबावरून हात फिरवला तरी लागत नाही. कारखान्यात हे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडत आणि जोडावर जी खाच उरे ती शिशाने भरून, कानशीने घासून सपाट करत. या भरणीच्या शिशात ३० टक्के कथील असतं आणि ७० टक्के शिसं. हे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं आणि अडीचशेच्या थोडं पुढे गेलं की पाण्यासारखं पातळ होऊन खाली ओघळतं. मधल्या टापूत ते थंडीतल्या लोण्यासारखं असतं, लाकडी पट्टीने लिंपता येतं. उभ्या पत्र्यावर, ज्योत जवळ आणत नि लांब नेत, त्याला त्या टापूत धरून ठेवायचं, आणि मागून पुढची गाडी सरकत येतेच आहे. हे काम करणारी माणसं फोर्डच्या डिअरबॉर्नमधल्या रूज कारखान्यात होती. त्यांतल्या एकाचा मी देणेकरी आहे.

त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून लिहीत नाही. आमच्या घरात त्यांना मास्तर म्हणत. हे नाव माझ्या बायकोने ठेवलं, पुढे मुलं त्यांना तोंडावरच मास्तर म्हणू लागली आणि त्यांनीही ते आनंदाने घेतलं. ते मूळचे केंटकीच्या डोंगराळ भागातले. कोळशाच्या खाणीत उतरायचं नाही एवढं ठरवून विशीत उत्तरेला आले, जशी त्या भागातली हजारो माणसं डेट्रॉईटला आली. रूजमध्ये मेटल फिनिशर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत पत्र्याजवळच राहिले. युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेच्या लोकल ६०० शाखेचा बिल्ला त्यांच्या टोपीवर कायम असे. ९ मार्च १९६४ ला डिअरबॉर्नला मस्टँगचं उत्पादन सुरू झालं तेव्हा ते तिथेच होते. १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात गाडी लोकांपुढे आली, २,३६८ डॉलरला, आणि पहिल्या बारा महिन्यांत ४ लाखांहून जास्त विकली गेली. एवढ्या गाड्यांचे सांधे कुणीतरी हाताने घासले होते, ही गोष्ट मला त्यांच्यामुळे कळली.

मी कुर्ल्याचा. माझे वडील प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या या कंपनीत क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डीसोटो जुळवल्या जात, पुढे फियाट आली. पोरवयात नोकरीला लागलेले बाबा अमेरिकन गाड्यांच्या शेवटच्या वर्षांत तिथे होते. घरात पगाराच्या गप्पा कमी आणि पत्र्याच्या जास्त. मी इंजिनिअर झालो आणि मिशिगनला आलो, तोही पत्र्याच्याच पाठीमागे. गाड्यांचे दरवाजे आणि बॉनेट ज्या साच्यांत दाबून काढतात ते साचे बनवणाऱ्या कंपनीत माझं काम होतं. पत्रा कुठे ताणला जाईल, कुठे फाटेल, साचा उघडल्यावर किती परत उसळेल, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं. हातात हातोडी धरायचा प्रसंग त्या नोकरीत कधी आला नाही.

मस्टँग घेतली ती मात्र हातांसाठी. मिशिगनच्या एका शेतातल्या गोठ्यात ती वर्षानुवर्षं उभी होती. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या मागच्या कडेला एक छोटी धातूची पट्टी रिबिटांनी बसवलेली असते, तिच्यावर गाडीची कुंडली असते. माझ्या पट्टीवर ६५ए, म्हणजे दोन दरवाज्यांची हार्डटॉप. रंग एम, म्हणजे विम्बल्डन व्हाइट. तारीख १६सी, म्हणजे १६ मार्च. गाडीच्या नंबरात सुरुवातीला ५, मग एफ, म्हणजे १९६५ चं मॉडेल आणि डिअरबॉर्नचा कारखाना. सॅन होजेची असती तर आर असता, न्यू जर्सीच्या मटचनची असती तर टी. हे सगळं वाचून मी हरखलो होतो. मास्तरांनी पट्टीकडे बघितलंही नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, डाव्या फेंडरच्या (आपल्याकडे मडगार्ड म्हणतात तो) कडेला आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर रुमालाने पुसून वाचला आणि मग पट्टीशी ताडून पाहिला. दरवाजा बदलला की पट्टी त्याच्याबरोबर जाते, आतल्या पत्र्यावरचा नंबर गाडीबरोबर राहतो. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे पहिलं सांगतो.

मास्तरांची ओळख एका सार्वजनिक कॉलेजातल्या संध्याकाळच्या बॉडी रिपेअरच्या वर्गात झाली. ते तिथे शिकवायला नव्हते; शिकवणारा त्यांचा जुना सोबती होता आणि ते त्याला हातभार लावायला येत. तोवर मी गाडी एका नावाजलेल्या दुकानात दाखवून आलो होतो. तिथल्या लोकांनी दोन्ही फेंडर, दोन्ही दरवाजे, मागचे दोन्ही पत्रे, सगळं नवं घालायचा सल्ला दिला होता आणि आकडा असा सांगितला होता की मी गाडी तशीच विकायच्या विचारात होतो. हे ऐकल्यावर मास्तरांनी एकच विचारलं, "त्यांनी गाडीला हात लावला होता का?"

पुढच्या शनिवारी ते आमच्या गॅरेजात आले. खिशातून फ्रीजवर चिकटवतात तसं एक साधं चुंबक काढलं, त्याला पातळ फडकं गुंडाळलं आणि दरवाज्याच्या खालच्या कडेपासून सुरुवात केली. जिथे खाली पत्रा आहे तिथे चुंबक ओढून धरतं. जिथे पत्र्यावर पुटीचा थर जाड आहे तिथे सुटून खाली पडतं. पत्रा जिथे नाहीच, नुसती पुटीच उभी आहे, तिथे बोटाच्या पेरांनी ठोकलं की आवाज बसका येतो. त्यांनी खडूने खुणा केल्या. दोन तास लागले असतील. मग म्हणाले, "अजून काही विकत घेऊ नकोस. पाण्याची नळी आण."

पहिल्या पिढीच्या मस्टँगचा खरा रोग विंडशील्डच्या खाली, वायपरच्या जाळीआड असतो. तिथे दोन पत्र्यांची एक बंद पोकळी आहे, तिला काऊल म्हणतात. आत हवा घेण्यासाठी तिच्या तळाशी दोन भोकं आणि भोकांभोवती टोपीसारखी उभी कड. पावसाचं पाणी पोकळीत पडावं आणि दोन्ही टोकांनी निघून जावं अशी योजना. पण झाडाची पानं आत जातात, कुजतात, ओल धरून ठेवतात, आणि त्या उभ्या कडा मुळाशी गंजून जातात. मग पाणी भोकातून थेट पायाशी उतरतं. वर्षानुवर्षं गालिचा भिजलेला राहतो आणि तळाचा पत्रा वरून सडतो. लोक तळ बदलतात, महाग गालिचा घालतात, आणि दोन पावसाळ्यांत तळ पुन्हा जातो. मास्तरांनी मला डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन झोपवलं आणि वरून नळी सोडली. उजव्या बाजूला धार लागली. पॅसेंजरच्या पायाशी असलेला तळ का चाळणी झाला होता ते तिथल्या तिथे कळलं.

मिशिगनमध्ये याच्या जोडीला मीठ. डेट्रॉईट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ पसरतात. चाकांनी उडालेलं ते खारं पाणी फेंडरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, मागच्या चाकाच्या कमानीत आणि दरवाज्याच्या खालच्या घडीत जाऊन बसतं. उजव्या बाजूला पुढे बॅटरी, तिचं ॲसिड आणखी वेगळं. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. तळ, उंबरे, पुढच्या पेट्या, सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं, तोच तिचा सांगाडा. म्हणून गंज काढणं म्हणजे सांगाड्याला हात घालणं. तळ कापायच्या आधी मास्तरांनी दरवाजे बंद असतानाच्या फटी मोजून भिंतीवर लिहायला लावल्या. मग दरवाज्यांच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या-तिरप्या वेल्ड करून चौकट जखडली. तळ कापल्यावर गाडी मधोमध किंचित जरी खचली तर पुन्हा दरवाजा कधीच नीट लागत नाही. काऊलचा वरचा पत्रा काढायला शेकड्याच्या घरात स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक करून सोडवावे लागले. ड्रिल वरच्या पत्र्यातून जायचं आणि खालच्याला टेकताच थांबायचं. ते काम माझ्या मुलीने केलं. तेव्हा ती शाळेत होती, तिचा हात हलका. मास्तर तिच्या शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक वेल्ड खडूने टिंबून देत होते.

आता त्या फेंडरबद्दल, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

डाव्या पुढच्या फेंडरला चाकाच्या वर हातभर लांब पोचा होता. गोठ्यात ट्रॅक्टरचं काहीतरी लागलं असावं. दुकानदाराने तो फेंडर भंगारात काढायला सांगितला होता. मलाही तेच पटलं होतं, कारण नवा बनवलेला फेंडर मिळतो, बोल्ट सोडून बदलता येतो. मास्तरांनी फेंडर उतरवून घोडीवर ठेवला, ट्यूबलाइट त्याच्यावर तिरपी पडेल अशी ठेवली आणि मला विचारलं, "यात किती पत्रा मोडलाय?" मी सगळा पोचा दाखवला. त्यांनी खडूने दोन वाकड्या रेषा काढल्या, पोच्याच्या कडेने गेलेल्या दोन घड्या. म्हणाले, "एवढाच. बाकीचा पत्रा घरी जायला बघतोय, या दोघांनी त्याला धरून ठेवलंय."

मी रोज याचंच गणित करत होतो. पत्रा एका मर्यादेपर्यंत वाकतो आणि सोडला की परत येतो. मर्यादा ओलांडली की वाकलेलाच राहतो, आणि जिथे तो असा कायमचा वाकतो तिथे कडक होतो. पोच्यात खरोखर मर्यादा ओलांडलेला भाग फार थोडा असतो, घडीच्या रेषेपुरता. मधला मोठा खळगा नुसता ताणात अडकलेला असतो. म्हणून पोच्याच्या मधोमध मागून हातोडी घालणं हे सगळ्यात वाईट. चांगला पत्रा त्याने लांबतो, पातळ होतो, आणि मग डबा दाबल्यावर जसं होतं तसं टक्-टक् आत-बाहेर करत राहतो. ही समीकरणं मला पाठ होती. पण माझ्या समीकरणांतून फेंडरवरची ती रेषा मला दिसली नव्हती.

त्यांनी डाव्या हातात डॉली घेतली. मुठीत मावणारी गुळगुळीत लोखंडी ऐरण म्हणजे डॉली. ती आतून खळग्याला टेकवली आणि उजव्या हाताने रुंद तोंडाची हातोडी बाहेरून घडीच्या उंचवट्यावर, डॉलीच्या शेजारी, हलकेच मारायला सुरुवात केली. हातोडीखाली डॉली नसते तेव्हा आवाज बोदा येतो, असते तेव्हा घणघणतो. डोळे मिटून तो आवाज ऐकायला त्यांनी मला शिकवलं. घडी जिथे संपते त्या टोकापासून आत यायचं, म्हणजे पोचा पडताना जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं. पाच-सहा ठोके, थांबणं, तळहात फिरवणं, पुन्हा ठोके. आणि मग एका क्षणी मधला सगळा खळगा, ज्याला कुणी हातही लावला नव्हता, आपणहून वर आला. मोठा आवाज झाला. मी दचकलो. मास्तर पुढच्या घडीकडे वळले होते.

घडीच्या जागी पत्रा थोडा लांबला होता. तो आखडून घ्यायला त्यांनी गॅसची बारीक ज्योत एका ठिपक्यावर धरली, नाण्याएवढा ठिपका लाल होईपर्यंत. तापलेला पत्रा पसरू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो, आणि निवताना आखडतो तो आधीपेक्षा लहान होऊन. ज्योत किती वेळ धरायची, ठिपका किती मोठा होऊ द्यायचा, ओलं फडकं केव्हा लावायचं, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून गॅसच्या टॉर्चवर ठेवला आणि स्वतःचा त्याच्यावर. उत्तर तसंच मिळालं. शेवटी लांब कानस संपूर्ण फेंडरवरून तिरकी फिरवली. कानशीने जिथे चमक आली तो उंचवटा, जिथे नाही तो खळगा. रंगाखाली त्या जागी आज जी पुटी आहे तिचा थर कागदाच्या जाडीचा आहे.

ते तपासायला बोटं वापरत नसत. सुती हातमोजा घालून अख्खा तळहात पत्र्यावर ठेवायचे, बोटं पुढे, मनगट मोकळं, आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने सावकाश न्यायचे. मी आधी याला त्यांची पद्धत समजत होतो. पहिल्या हिवाळ्यात खरं कळलं. गॅरेज थंड होतं, त्यांनी हातमोजा काढला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं टोकापासून मधल्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी झाली होती. वर्षानुवर्षं हवेवर चालणारे ग्राइंडर हाताळणाऱ्यांना हा आजार होतो. थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा जातात, थंडीत रक्त पोचत नाही. त्यांच्या बोटांना त्या दिवसांत काहीच लागत नसे. तळहात शिल्लक होता, तो ते वापरत. मी हीटर लावायला धावलो तर म्हणाले, "तू तुझा हात लाव आणि काय लागतंय ते मला बोलून सांग." त्या हिवाळ्यात माझा हात आणि त्यांचे प्रश्न असं काम चाललं. इथे उंच आहे का? किती लांब? कडेला की मध्ये? आता चार बोटं मागे जा. ज्या माणसाच्या बोटांतून हे ज्ञान निघून चाललं होतं, त्याने ते माझ्या हातात असं घातलं. हे कशाने फेडतात मला माहीत नाही.

सुटे भाग कसे घ्यायचे हेही त्यांनीच शिकवलं. फोर्डच्या त्या काळच्या नंबरांत सगळं लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर दशक सांगतं: बी म्हणजे पन्नासचं, सी साठचं, डी सत्तरचं. मग वर्षाचा आकडा, मग गाडीचं अक्षर, मस्टँगला झेड. सी५झेडझेड-१६००५ म्हणजे १९६५ च्या मस्टँगचा उजवा फेंडर, १६००६ डावा. हे कळलं की जुन्या भागांच्या बाजारात कुणी "मस्टँगचाच आहे" असं म्हणाला तरी आपण भागावरचा नंबर वाचून बघतो. पेन्सिल्व्हेनियात कार्लाइलला १९७४ पासून जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार भरतो, वसंतात आणि शरदात. आम्ही डेट्रॉईटहून पहाटे निघून जायचो. मास्तर फेंडर उलटा करून आधी आतली बाजू बघत. बाहेरून रंगवलेला कुठलाही फेंडर सुंदर दिसतो; आतून हातोडीचे व्रण, जोडलेले तुकडे, जाड डांबर थापून झाकलेला गंज, सगळं दिसतं. जुन्या मालातला न वापरलेला अस्सल भाग सगळ्यात महाग. वापरलेला पण सरळ अस्सल भाग त्यांच्या मते सगळ्यात चांगला, खालचा हातभर भाग सडलेला असला तरी, कारण सडलेला भाग कापून तिथे नवा तुकडा बसवता येतो, पण वरची वळणाची रेषा आणि बोल्टांची भोकं कारखान्यातल्या जागी असतात. नव्याने बनवलेले भाग हल्ली पुष्कळ सुधारलेत. आज तर पहिल्या पिढीच्या मस्टँगची अख्खी बॉडी नव्या पत्र्यात मिळते, आणि ज्याची गाडी खरोखर गेली आहे त्याच्यासाठी ते वरदान आहे. मास्तरांना त्या भागांचा राग नव्हता. त्यांची अट एवढीच होती की असा भाग आधी कच्चाच, रंगाविना, गाडीवर चढवायचा. मागचा पत्रा पक्का, त्याला दरवाजा जुळवायचा, दरवाज्याला फेंडर, फेंडरला बॉनेट. फटीत रंग ढवळायची लाकडी काडी घालून वरपासून खालपर्यंत फिरवायची. जुळत नसेल तर तेव्हाच कापायचं, वाकवायचं, वेल्ड करायचं. रंग दिल्यावर फक्त पुसायचं.

एकदा कार्लाइलला एका विक्रेत्या बाईंकडे माझ्या गाडीचा मागचा डावा पूर्ण पत्रा होता, अस्सल. मी पाकीट काढलं. त्यांनी माझ्याकडचे फोटो मागितले, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या की तुझ्या गाडीला चाकाच्या कमानीपुरता तुकडा पुरे, हा पत्रा घेतलास तर छताचा सांधा उघडावा लागेल, तो कशाला उघडतोस? मास्तर बाजूला उभे राहून हसत होते. अशी माणसं त्यांच्या ओळखीत फार होती.

तरी उजवा सांधा उघडावा लागलाच. तिथे कधीतरी कुणीतरी शिसं काढून पुटी भरली होती आणि पुटीखाली ओल शिरली होती. पन्नाशीच्या दशकात पॉलिएस्टरची पुटी आली आणि गॅरेजांतून शिसं हद्दपार झालं. त्यात वाईट काही नाही, शिशाची धूळ आणि वाफ विषारीच. पण हा सांधा मास्तरांना शिशानेच भरायचा होता. त्यांनी पत्रा उघडा केला, फ्लक्स लावून त्याला कल्हई केली, मेपलची पट्टी मधमाश्यांच्या मेणात बुडवली आणि माझ्या हातात दिली. गॅसचा टॉर्चही माझ्याच हातात. दारं उघडी, पंखा चालू, तोंडावर मास्क. ते मागे उभे राहून फक्त "जवळ", "लांब", "आता" एवढंच म्हणत होते. निवल्यावर सोड्याच्या पाण्याने ॲसिड धुऊन काढलं. घासायला सँडपेपर त्यांनी आणूच दिला नाही. शिशाची धूळ हवेत उडते. कानशीचे जाड कीस खाली कागदावर पडतात, गोळा करून डब्यात टाकता येतात. ज्या डाव्या सांध्याला आम्ही हात लावला नाही तो १९६५ मध्ये कुणी घासला असेल, असं माझ्या मुलीने त्यांना विचारलं. ते म्हणाले, तिथे आम्ही पुष्कळ जण होतो. मी त्यांना अनेकदा डिवचून बघितलं, पण त्या गाडीवर त्यांनी कधी हक्क सांगितला नाही.

हा सांधा भरला त्याच उन्हाळ्यात बाबा कुर्ल्याहून आले होते. दोघांना एकमेकांचं इंग्रजी फारसं कळत नसे. केंटकीचं एकाचं आणि कारखान्यातलं दुसऱ्याचं. बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि फेंडरवर तळहात ठेवला. मास्तरांनी लगेच ट्यूबलाइट सरकवून दिली. मग बाबांनी मला सांगितलं, "ह्यांना विचार, शिसं लावताना नाकातोंडाला काय लावायचे?" मास्तरांनी सविस्तर सांगितलं: बंद खोली, डोक्यावर टोप, टोपात नळीने येणारी बाहेरची हवा, आणि रक्तात शिसं किती आहे याची तपासणी. बाबा म्हणाले, आमच्या गल्लीतले डेंटर रुमाल बांधायचे, नि संध्याकाळी गूळ खायचे. मी भाषांतर केलं. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या डेंटरांपैकी कोण कोण आहेत म्हणून विचारलं, आणि बाबांनी एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. ज्या माणसांना मास्तरांनी पाहिलं नव्हतं, त्यांची नावं ते उच्चारून बघत होते. मला बाबांचं काम तोवर फक्त ऐकून माहीत होतं. ते किती मोठं होतं हे मला त्या दुपारी गॅरेजात कळलं, आणि हेही देणं मी मास्तरांच्याच खात्यावर मांडतो.

पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. एकदा मी पाकीट त्यांच्या ट्रकच्या सीटवर ठेवलं, तर ते त्यांच्या बायकोने, मास्तरीणबाईंनी, आमच्या पोस्टाच्या पेटीत आणून टाकलं. माझ्या बायकोच्या हातचं भरलं वांगं त्यांना आवडे, त्यासाठी मात्र ते हक्काने डबा घेऊन यायचे. गाडी पुरी झाल्यावर मी अगदी हट्टालाच पेटलो, तेव्हा त्यांनी एक अट घातली. गाडीतून निघालेलं आणि उरलेलं सामान विकायचं नाही. ज्याला लागेल त्याला द्यायचं, आणि देण्याआधी ते त्याला लागतंय का हे त्याची गाडी बघून ठरवायचं.

मास्तर गेले त्यालाही आता वर्षं झाली. त्यांच्या हातोड्या आणि डॉल्या मास्तरीणबाईंनी माझ्या मुलीला दिल्या. ती आता शिकागोजवळ राहते, तिच्याकडे १९६६ ची कन्व्हर्टिबल आहे आणि तिचा काऊल माझ्या गाडीपेक्षा वाईट निघाला. कानशी माझ्याकडे आहेत. त्यांच्या मुठींवर त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती मी बदललेली नाही.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला उरलेलं सामान लावलं आहे, प्रत्येकाला चिठ्ठी: उजवा दरवाजा, खालची घडी सडलेली, बिजागऱ्या चांगल्या, डिकीचं झाकण, सरळ, हेडलाइटच्या ओतीव चौकटी, एकीला तडा. एक सी५झेडझेड-१६००५ आहे, उजवा फेंडर, कार्लाइलला घेतलेला, मागे खाली वीतभर गंज. तो फ्लिंटच्या एका मुलाला हवा आहे. त्याच्या फोटोंत त्याचा स्वतःचा फेंडर मला वाचण्यासारखा दिसतोय, पुढच्या कडेला एकच घडी आहे. शनिवारी गाडी घेऊन ये म्हटलंय. घडी सुटली तर माझा फेंडर भिंतीवरच राहील, आणि नाही सुटली तर तो घेऊन जाईल.